नाक्यावर कोण उभे आहे?

(सामान्य काळातील पंचविसावा रविवार. शुभवर्तमान : मत्तय २०:१-१६)



आजच्या शुभवर्तमानातील दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर शोधायला बाहेर पडतो. दिवसाला एक दिनार असा करार करून काही माणसांना मळ्यात पाठवतो. नऊ वाजता पुन्हा बाजारात जातो, मग बाराला, मग तीनला. शेवटी पाच वाजता, सूर्य कलत आला असताना, आणखी एकदा जातो. तेव्हाही काही माणसे तिथे उभीच असतात. तो त्यांना विचारतो की दिवसभर तुम्ही असे रिकामे का उभे आहात? ती सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. धनी त्यांनाही मळ्यात जायला सांगतो. संध्याकाळी कारभारी हिशेब करतो, तेव्हा शेवटी आलेल्यालाही एक दिनार मिळतो आणि पहाटे आलेल्यालाही एकच दिनार मिळतो. मग कुरकुर सुरू होते.

हा दाखला वाचताना आपण बहुधा त्या शेवटच्या कुरकुरीवरच थांबतो. आज आम्हाला आपले लक्ष त्या बाजाराकडे वळवायचे आहे. कारण तो बाजार आपल्या ओळखीचा आहे. बोईसरला किंवा पालघरला सकाळी सात-आठच्या सुमारास स्टेशनाबाहेर पडून पाहा. नाक्यावर माणसे उभी असतात. कोणाच्या हातात थापी आहे, कोणाच्या हातात रंगाचा ब्रश, कोणाच्या पायाशी घमेले आणि फावडे. टेम्पो थांबला की सगळे धावतात. चार जण चढतात, बाकीचे पुन्हा कडेला येऊन उभे राहतात. भात कापून झाले की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जायला निघतात, त्यांतलीही काही तिथे असतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसाचे तरुण असतात. दहा वाजले की गर्दी पांगते. अकरा वाजताही जो उभा असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आपणही पाहत नाही, कारण आपल्याला रिक्षा पकडायची असते.

आपला हा पट्टा मूळचा वाड्यांचा आणि समुद्राचा. केळवे-माहीमच्या विड्याच्या पानांची करंडी रेल्वेने दूर उत्तरेकडे जात असे. सातपाटीचा सरंगा मुंबईच्या बाजारात नावाने विकला जाई. मग १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली. १९७० च्या दशकात बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. कापड, रसायने, औषधे, पोलाद अशा कंपन्या आल्या. 'कंपनीत लागला' या दोन शब्दांनी कितीतरी घरांतली लग्ने ठरली, घरांवर स्लॅब पडले, मुले इंग्रजी शाळेत गेली. आपल्या धर्मग्रामातील निम्म्या कुटुंबांची मुळे वसईत, गोव्यात, मंगळूरकडे किंवा केरळात आहेत. त्यांना इथे कोणी आणले? याच कंपन्यांनी आणले. त्याबद्दल देवाचे आभार मानलेच पाहिजेत.

पण गेल्या काही वर्षांत तेच चित्र पालटताना आपण पाहत आहोत. काही कंपन्यांच्या गेटवर कुलूप आहे. काही चालू आहेत, पण आत कायम कामगार थोडे आणि ठेकेदाराची माणसे जास्त. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग नवा ठेकेदार आणि पुन्हा पहिल्यापासून हजेरी. मागे काय राहिले, तेही आपल्याला ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूर अग्रभागी होते. २०२३ साली राज्याने सरंग्याला, म्हणजे पापलेटला, राज्यमासा म्हणून गौरवले, पण आपले मच्छीमार बांधव सांगतात की जाळ्यात तो पूर्वीसारखा येत नाही.

असे आधी मुंबईत घडून गेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतले बहुतेक जण त्या कामावर पुन्हा पूर्वीसारखे परतलेच नाहीत. ज्या परळ-लालबागमध्ये भोंग्यावर घड्याळ लावले जाई, तिथे आज मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. गिरणीच्या गेटवर कामगार हक्काने उभा राहू शकत होता. मॉलच्या दारात तोच माणूस उभा राहिला, तर पहारेकरी त्याला काय काम आहे असे विचारतो. काम गेले की माणसाची उभी राहायची जागाही जाते, ही गोष्ट गिरणगावाने आपल्याला शिकवली.

आता आपल्या घरातलीच एक गोष्ट सांगतो. ज्या कुटुंबाची ती आहे, त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

आपल्या धर्मग्रामातील एक भाऊ बोईसरला एका कंपनीत एकोणीस वर्षे कामाला होते. एके दिवशी गेटवर नोटीस लागली. त्यांनी घरी सांगितले नाही. मुलीचे कॉलेजचे शेवटचे वर्ष होते, घराचे हप्ते चालू होते. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पत्नीने पहाटे डबा भरला आणि ते रिक्षाने केळवे रोड स्टेशनवर गेले. पहिला आठवडा ते रोज बोईसरला उतरून एकेका गेटवर चौकशी करीत फिरले. प्रत्येक ठिकाणी त्यांचे वय विचारले गेले. मग ते पालघरलाच उतरू लागले. मग त्यांनी गाडीत चढणेही सोडले. स्टेशनकडे जातो असे दाखवून ते केळव्याच्या किनाऱ्यावर, पार टोकाला, सुरूच्या बनात जाऊन बसत. बारा वाजता डबा खात, कारण डबा रिकामा घरी जायला हवा होता. संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला घरी येत. असे जवळजवळ दोन महिने चालले.

या दोन महिन्यांत आठ-नऊ रविवार आले. दर रविवारी ते मिस्सेला आले. एका रविवारी पहिले वाचनही त्यांनी केले. मिस्सा संपल्यावर आपण सगळे पायऱ्यांवर उभे राहून बोललो. "काय, कंपनी काय म्हणते?" असे कोणीतरी विचारले. "चाललंय," असे ते म्हणाले. आपण हसलो आणि पुढे गेलो.

त्यांना कोणी ओळखले? किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या एका माणसाने. तो आपल्या मिस्सेला येत नाही, आपल्या धर्माचा नाही आणि या गावचाही नाही. उत्तर प्रदेशातून पोट भरायला आलेला माणूस. त्याने आठवडाभर पाहिले, मग एका दुपारी आपल्याजवळचे स्टूल पुढे सरकवले आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारले, "भाऊ, रोज डबा घेऊन इथे बसता. काम नाही का?" त्या प्रश्नाला या भावांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा खरे उत्तर दिले. शहाळेवाला थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "उद्या सकाळी टेम्पो येतो. माल उतरवायला माणूस लागतो. या तुम्ही. आणि आज घरी सांगा."

त्या रात्री त्यांनी घरी सांगितले. पत्नी रडली. नोकरी गेली म्हणून ती रडली नाही, तर दोन महिने आपण भरून दिलेला डबा नवरा एकटा झाडाखाली बसून खात होता, या विचाराने तिला रडू आले. पुढे त्यांना एका लॉजमध्ये देखभालीचे काम मिळाले. पगार पूर्वीच्या निम्मा आहे, पण घर चालले आहे.

आम्ही त्यांना नंतर विचारले, "आम्हाला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही पायऱ्यांवर विचारत होता. तिथे मी खोटंच सांगणार होतो."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आम्हाला अजून टोचते. चूक त्यांची नव्हती. ज्या ठिकाणी येऊन ते खरे बोलू शकले असते, असे एकही ठिकाण आपण त्यांच्यासाठी ठेवले नव्हते. देवळाच्या पायऱ्याही त्यांना बाजारासारख्याच वाटल्या, जिथे प्रत्येकाला आपला भाव सांगावा लागतो.

आता दाखल्याकडे पुन्हा पाहू या. त्यात तीन गोष्टी आहेत, ज्या आपल्या नजरेतून सुटतात.

पहिली गोष्ट. धन्याकडे कारभारी आहे. संध्याकाळी मजुरी वाटायला तो पुढे येतो. मग मजूर शोधायला दिवसातून पाच वेळा धनी स्वतः का जातो? कारभाऱ्याला पाठवले असते तरी मजूर आलेच असते. प्रभू येशूने सांगितलेला हा धनी नाक्यावर स्वतः जातो. पाच वाजता मळ्याला माणसांची गरज उरलेली नसते, दिवस तासाभरात बुडणार असतो. म्हणजे शेवटच्या फेरीला धनी निघाला तो मळ्यासाठी नाही. कोणी अजून उभे आहे का, हे पाहायला निघाला. आपला देव असा आहे. तो आपल्याला आधी वेदीवर शोधत नाही, तो नाक्यावर शोधतो, स्टेशनच्या बाकावर शोधतो, सुरूच्या बनात शोधतो.

दुसरी गोष्ट. धनी प्रश्न विचारतो आणि लगेच पुढचे वाक्यही बोलतो. आधी विचारतो की रिकामे का उभे आहात, आणि उत्तर ऐकल्यावर म्हणतो की तुम्हीही माझ्या मळ्यात या. शहाळेवाल्यानेही हेच केले. आपण पायऱ्यांवर पहिले वाक्य बोललो, दुसरे वाक्य आपल्याकडे नव्हतेच. दुसरे वाक्य नसताना विचारलेला पहिला प्रश्न नुसती चौकशी होते, आणि ज्याचे काम गेले आहे त्याला चौकशी फार लागते. पुढे काही करायची तयारी असेल तरच विचारावे. निदान त्याच्याजवळ बसायची तरी तयारी असावी.

तिसरी गोष्ट मजुरीची. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दिली पाहिजे, कारण त्याचे सगळे लक्ष तिच्याकडे लागलेले असते. दाखल्यातला धनी हीच आज्ञा पाळतो. एक दिनार म्हणजे एका घरची एका दिवसाची चूल. अर्ध्या दिनारात घर अर्धे जेवत नाही, ते उपाशी राहते. धन्याने किती तास काम झाले हे मोजले नाही, त्या घरात किती तोंडे आहेत हे मोजले.

मग कुरकुरीचे काय? पहाटेपासून राबलेल्यांना आपण लगेच दोष देऊ नये. ते खरोखर थकले होते. दिवसभराचे ऊन त्यांनीच सोसले होते. आपल्यातील ज्या बांधवांनी तीस-तीस वर्षे रसायनांच्या वासात पाळ्या केल्या, त्यांना हे दुखणे कळते. पण त्यांची तक्रार नीट ऐका. आम्हाला कमी दिले, असे ते म्हणत नाहीत. त्यांना ठरलेले पूर्ण मिळाले आहे. तू त्यांना आमच्या बरोबरीचे केलेस, अशी त्यांची तक्रार आहे. दुखणे पैशाचे नाही, बरोबरीचे आहे.

धन्याला ही भांडणे टाळता आली असती. पहिल्यांना आधी पैसे देऊन घरी पाठवले असते तर त्यांना काही कळलेही नसते. पण त्याने मुद्दाम शेवटच्यांना आधी दिले, म्हणजे पहिल्यांनी ते पाहावे. दुसऱ्यावर होणारी देवाची कृपा पाहूनही आपण त्याच मळ्यात आनंदाने राहू शकतो का, ही आपली परीक्षा आहे. आजच्या पहिल्या वाचनात यशया संदेष्टा हेच सांगतो की देवाचे विचार आपल्या विचारांपेक्षा आकाशाइतके उंच आहेत.

आपल्यातही ही कुरकुर आहे. 'हे बाहेरचे लोक आले म्हणून आपल्या मुलांना काम नाही' असे आपण चहाच्या टपरीवर सहज बोलतो. आपल्यापैकी कितीजणांचे वडील याच गावात बाहेरचे म्हणून आले होते, ते त्या वेळी आठवत नाही. स्थानिकांना काम मिळावे ही मागणी न्याय्य आहे, ती जरूर करावी, योग्य ठिकाणी करावी. पण कमी मजुरीत माणसे राबवणारा वेगळा असतो आणि राबणारा वेगळा असतो. आपला राग नेहमी राबणाऱ्यावरच का निघतो?

पालघरच्या हुतात्मा चौकातून आपण नेहमी जातो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी इथे स्वातंत्र्यासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण धारातीर्थी पडले. कोणी सातपाटीचा, कोणी नांदगावचा, कोणी मुरब्याचा, कोणी सालवडचा, कोणी पालघरचाच. जाती वेगळ्या, धंदे वेगळे, आडनावे वेगळी. चौक मात्र त्यांचा एकच आहे. चौक कोणा एकाच्या मालकीचा नसतो, म्हणूनच तो चौक असतो. किनारा, स्टेशन, नाका, तळे या जागाही तशाच आहेत. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तिथे उभे राहायचा हक्क आहे, आणि आपल्या नजरेत येण्याचाही हक्क आहे.

ख्रिस्तसभेने ही गोष्ट वेळोवेळी सांगितली आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात स्पष्ट बजावले की कामगाराची मजुरी बुडवणे हे स्वर्गाकडे हाक मारणारे पाप आहे, आणि मजुरी त्याच्या निर्वाहाला पुरेल इतकी असलीच पाहिजे. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' मध्ये सृष्टीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले. गरिबाला पैशाची मदत ही तात्पुरती असावी, त्याला कामातून सन्मानाने जगता यावे हे खरे ध्येय, असेही त्यांनी त्यात लिहिले. आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव घेतले. यंत्रांच्या नव्या युगात कामगाराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा आहे, हे त्यामागचे एक कारण त्यांनी स्वतः सांगितले.

रोममध्ये लिहिलेले केळव्यात कसे पाळायचे? आम्ही चार साध्या गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या सभेत त्यांवर बोलणे होईल.

एक. आपल्यापैकी ज्यांच्या वाड्या आहेत, दुकाने आहेत, लॉज आहेत, जे ठेकेदारी करतात, त्यांनी आजच आपल्या मनाशी हिशेब करावा. कोणाची मजुरी थकली आहे का? घरकामाच्या बाईचे पैसे दहा तारखेवर ढकलले आहेत का? ते आज संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावेत. या आज्ञेला सभेच्या ठरावाची गरज नाही.

दोन. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहात दोन माणसे अशी असावीत, ज्यांच्याकडे कोणीही जाऊन 'माझे काम गेले' असे सांगू शकेल आणि ती गोष्ट त्यांच्या बाहेर जाणार नाही. पायऱ्यांवर विचारू नये. घरी जावे, चहा घ्यावा, बसावे.

तीन. चर्चचा हॉल दिवसा बंद असतो. तो सकाळी उघडा ठेवावा. पंखा, पिण्याचे पाणी, वर्तमानपत्र आणि कामाच्या जाहिराती लावायला एक फळा असावा. ज्याला जायला जागा नाही, त्याला निदान सुरूच्या बनाशिवाय दुसरी जागा असावी. आणि हॉल सर्वांसाठी उघडा असावा, फक्त आपल्या रजिस्टरात नाव असलेल्यांसाठी नको.

चार. मुलांच्या फीसाठी जी मदत आपण करतो, ती अर्ज येण्याची वाट पाहत बसू नये. धन्याकडे कोणी अर्ज घेऊन आले नव्हते. तोच गेला होता.

आणि आज ज्यांचे काम गेले आहे, जे या क्षणी या बाकांवर बसून हे ऐकत किंवा वाचत आहेत आणि ज्यांच्या शेजाऱ्यालाही ते ठाऊक नाही, त्यांना एक शब्द. तुमची किंमत गेटवरच्या नोटिशीने ठरत नाही. पाच वाजता उभे असणे ही लाज नाही. तुम्हाला कोणी बोलावले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि बोलावणारा अजून फेरीवर आहे. घरी सांगा. डबा एकट्याने खाऊ नका.

थोड्याच वेळात आपण प्रभुभोजनासाठी रांगेत उभे राहू. त्या रांगेत पहिल्यालाही ख्रिस्तशरीर मिळते आणि शेवटच्यालाही तेच मिळते, तितकेच मिळते. तिथे कोणी कुरकुर करीत नाही. ती रांग दर रविवारी आपल्याला दाखवते की देवाच्या घरचा हिशेब कसा असतो. हा हिशेब घेऊनच आपण या दारातून बाहेर पडू या. बाहेर रविवारची गर्दी असेल, मुंबईहून आलेल्या गाड्या किनाऱ्याकडे वळत असतील, शहाळेवाले, भेळवाले, घोडागाडीवाले उभे असतील. त्यांच्याकडे एकदा नीट पाहू या.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू नाझरेथात सुताराच्या घरी वाढलास, तुझे हात कामाने राठ झाले होते. आज ज्यांच्या हातांना काम नाही त्यांना काम दे. ज्यांच्या हाती काम देणे आहे त्यांना न्यायबुद्धी दे. आणि आम्हा सर्वांना उशिरा का होईना, नाक्यावर जाऊन विचारण्याचे धैर्य दे, आणि विचारल्यावर 'या' म्हणण्याचेही. आमेन.